सगळं मिळतं म्हणून सगळं बदलू नका

चेन्नईत जुनी बुलेट स्वतः उभी करू पाहणाऱ्यांसाठी

जुनी मोटारसायकल घरच्या घरी उभी करायला निघालेल्या हौशी माणसाला बहुतेक गावांत सुट्या भागांची चणचण भासते. चेन्नईत नेमकं उलटं आहे. रॉयल एनफिल्डची बुलेट याच शहराच्या उत्तर टोकाला, तिरुवोट्टियूरला १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बनू लागली. एग्मोरजवळचं पुदुपेट जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि माउंट रोडला लागून असलेल्या जनरल पॅटर्स रोडवर नवे भाग मिळतात. क्लचच्या केबलपासून मडगार्डपर्यंत काहीही सकाळी शोधायला निघावं आणि संध्याकाळी घेऊन यावं, असं हे शहर आहे. तरीही हौशी माणसाच्या हातून जुन्या बुलेटचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते या सोयीमुळेच, असं माझं मत आहे. भाग मिळतो म्हणून बदलला जातो, बदलला की छान दिसतो, छान दिसला की शेजारचा भाग जुनाट वाटू लागतो आणि तोही जातो. वर्षभराने दारात जी गाडी उभी राहते तिच्यात जुनं म्हणावं असं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून या लेखाचा सल्ला एकच आहे: प्रत्येक भागापुढे ‘हा बदलू का?’ असं विचारू नका, ‘हा ठेवता येईल का?’ असं विचारा. हा सल्ला पाळायला कष्ट जास्त लागतात. तरी तो का पाळावा आणि प्रत्यक्षात कसा पाळावा, ते क्रमाने पाहू.

मूळ म्हणजे कोणतं?

ठेवायचं काय, हे ठरवण्याआधी या यंत्राचा इतिहास माहीत हवा. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय सैन्याने ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या. त्या मागणीतूनच इंग्लंडमधल्या रेडिचची एनफिल्ड सायकल कंपनी आणि मद्रासची मद्रास मोटर्स एकत्र आल्या आणि १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला रेडिचहून आलेले भाग इथे जोडले जात. १९५७ मध्ये भाग घडवण्याची साधनसामग्रीही इकडे आली आणि १९६२ च्या सुमारास सगळी गाडी इथेच बनू लागली. याचा अर्थ असा की, १९५८-५९ सालच्या बुलेटमध्ये इंग्लंडचा आणि मद्रासचा माल शेजारी शेजारी बसलेला सापडला, तर ती भेसळ नाही, तेच तिचं मूळ रूप आहे. पुढे रेडिचने आपल्या बुलेटमध्ये बदल केले. मद्रासची बुलेट मात्र १९५५ च्या आराखड्याला धरून राहिली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० मध्ये इंग्लंडमधलं उत्पादनही थांबलं, आणि १९७७ पासून मद्रासच्या बुलेट उलट्या दिशेने इंग्लंडला जाऊ लागल्या. तेव्हा १९६८ सालच्या तिरुवोट्टियूरच्या गाडीला ‘इंग्लिश’ दिसावी म्हणून रेडिचची चिन्हं आणि तिथल्या जाहिरातींतले रंग चढवणं म्हणजे तिच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे घालणं. मद्रासची असणं हीच तिची ओळख आहे.

या इतिहासातली दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं, बिडाच्या सिलिंडरचं हे ३४६ सीसीचं इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. पन्नासहून अधिक वर्षांच्या या काळात विजेची व्यवस्था सहा व्होल्टवरून बारावर गेली, अमल जातीच्या कार्ब्युरेटरच्या जागी मिककार्ब आला, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला असलेल्या तरत्या बुशच्या जागी रोलर बेअरिंग आलं, उजव्या पायाचा गिअर डाव्या पायाखाली गेला. बाहेरची ठेवण मात्र इतकी सारखी राहिली की नव्वदच्या दशकातला भाग साठच्या दशकातल्या गाडीला बऱ्याचदा बसतो. दुकानदार ‘बसेल’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण भाग बसला म्हणून तो त्या गाडीचा होत नाही. एनफिल्डच्याच क्रूसेडर, शेर्पा किंवा फ्युरीच्या मालकाला हा मोह होत नाही, कारण त्यांचे भागच सहज मिळत नाहीत. तो निमूटपणे जुना भाग दुरुस्त करतो. बुलेटच्या मालकाने हा नाइलाज स्वखुशीने पत्करायचा आहे.

कायदा काय म्हणतो

हा केवळ शौकिनांचा सोवळेपणा आहे असं कुणाला वाटलं, तर त्याने केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती पाहावी. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची सोय तिने केली. मात्र गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट घातली. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षांची असते, नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कामावर नेता येत नाही. तेव्हा रविवारी सकाळी महाबलीपुरमपर्यंत मनसोक्त फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवावी आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी लागणारं नूतनीकरण वेळेवर करावं. या दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे पहिला बोल्ट सैल करण्याआधी ठरलेलं बरं. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ असलेल्या फिवाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनदही हेच तत्त्व सांगते: हस्तक्षेप कमीत कमी करावा, आणि जो भाग बदलला तो बदललेला आहे हे पुढे ओळखू यावं.

घेण्यापूर्वी

गाडी घेताना आधी कागद पाहा, मग गाडी. चासीचा क्रमांक हँडलच्या नळीपाशी आणि इंजिनचा क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो; दोन्ही आरसी बुकाशी अंकन् अंक जुळायला हवेत. अंकांभोवतीचा धातू घासलेला दिसला, किंवा अंकांची वळणं एकमेकांशी जुळत नसली, तर भाव कितीही पडलेला असो, तिथून निघा. इंजिन बदललेलं असेल तर ती नोंद कागदावर हवी. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी चेन्नईत आणत असाल तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. बिलाशिवाय पुदुपेटमधून इंजिनचे मोठे भाग घेऊ नका. चोरीचा माल जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि तो माल कसा आला हे सांगायला तुमच्याकडे कागदच नसतो.

चेन्नईत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे पुराचं पाणी. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात या शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बाहेरून धुऊन-पुसून अशी गाडी स्वच्छ दिसते. पण हेडलॅम्पच्या आत, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि सीटखालच्या कोपऱ्यांत बारीक गाळाची रेघ राहते, मीटरच्या काचेआड धुकं दिसतं, आणि इंजिनाचं तेल दुधाळ येतं. पाण्यात बुडालेली गाडी घेऊच नये असं नाही, पण तिच्यातली बेअरिंगं आणि वायरिंग गेलेली आहेत असं धरून भाव करावा.

उलगडण्याआधी

हौशी माणसाची पहिली चूक म्हणजे गाडी घरी आली की आठवडाभरात तिचा शेवटचा बोल्टसुद्धा काढून ठेवणं. सुट्या भागांचा ढीग काहीच सांगत नाही. चालती किंवा निदान जोडलेली गाडी सांगते. कोणती केबल कुठून वळते, कोणत्या बोल्टखाली किती वायसर आहेत, मडगार्डच्या आतल्या बाजूला मूळ रंग कुठे शिल्लक आहे, मागच्या मालकाने कुठे भलताच नट मारला आहे, हे सगळं जागच्या जागीच वाचता येतं. म्हणून आधी फोटो काढा. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी आणि सोडवल्यानंतर, दोन्ही वेळा त्याचा फोटो घ्या. सुटे नट-बोल्ट झिपच्या पिशवीत घालून त्यावर जागेचं नाव लिहा. एक जाड वही करा आणि तिच्यात तीन रकाने आखा: ठेवलं, दुरुस्त केलं, बदललं. तिसऱ्या रकान्यात जे जाईल त्यापुढे कारण लिहायची सक्ती स्वतःवर करा. ‘जुना दिसत होता’ हे कारण लिहायची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी बरेच भाग वाचतात.

कोणता भाग कोणत्या रकान्यात जाणार, याची कसोटी सोपी आहे: हा भाग ऐनवेळी निकामी झाला तर काय होईल? माणूस पडेल, असं उत्तर आलं तर बिनदिक्कत बदला. टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, सगळ्या केबल, चेन, चाकांची बेअरिंगं, गंजलेले स्पोक, पेट्रोलची नळी, उघडी पडलेली वायर या बाबतीत जुन्याचा लोभ नको. ३.२५-१९ मापाचे टायर आजही नवे मिळतात. नक्षी शाबूत आहे म्हणून वीस वर्षांचं कडक झालेलं रबर चालवणं हा वेडेपणा आहे. गाडी फक्त रस्त्यात बंद पडेल, असं उत्तर आलं तर आधी दुरुस्त करून पाहा: कार्ब्युरेटर, पॉइंट, अल्टरनेटर, हॉर्न, अँपिअर मीटर, क्लच. आणि काहीच होणार नाही, फक्त जुनं दिसेल, असं उत्तर आलं तर हात लावू नका, साफ करा. हेडलॅम्पचं कवच, त्यातले दोन छोटे दिवे, टाकी, टूलबॉक्स, सीटची लोखंडी चौकट हे सगळं या तिसऱ्या गटातलं. ब्रेक आणि क्लच उघडताना एक पथ्य पाळा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

इंजिनाचा निवाडा पुराव्यावर

इंजिन उघडण्याची घाई सर्वांत महाग पडते. बुलेटचं तेल वेगळ्या टाकीत नसतं, क्रँककेसमध्येच मागच्या बाजूला त्याचा कप्पा ओतलेला असतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते तेल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकखाली जमतं. नवा मालक उत्साहाने किक मारतो, एक्झॉस्टमधून पांढराशुभ्र धूर येतो, आणि ‘रिंगा गेल्या, बोअर मारावा लागेल’ असा निकाल लागतो. खरं तर बऱ्याचदा रिंगांना काही झालेलं नसतं. म्हणून किक मारण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा आणि एक-दोन दिवस राहू द्या. तळाचा बोल्ट काढून क्रँकखालचं तेल रिकामं करा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, नवं २०डब्ल्यू-५० तेल भरा आणि डीकॉम्प्रेसर दाबून इंजिन हळूहळू फिरवा. सुरू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला तर तेल वरपर्यंत पोचतंय की नाही हे कळतं. हे सारं झाल्यावरही धूर आला, तरच रिंगांवर संशय घ्यायचा.

संशय घेतला तरी कॉम्प्रेशन दोनदा मोजा: एकदा कोरडं, एकदा सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून. तेलाने आकडा वर चढला तर दोष रिंगा किंवा सिलिंडरचा. नाही चढला तर व्हॉल्व्हचा, आणि तो हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून सुटू शकतो. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिमी आहे ना, आणि थंड इंजिनात टॅपेटचे दांडे जेमतेम मोकळे फिरतात ना, हे पाहिल्याशिवाय आवाजावरून निदान करू नका. काढलेल्या तेलात धातूचे कण दिसले, किंवा ओझ्याखाली खोल ठोका ऐकू आला, तर मात्र विलंब लावू नका. मोठ्या टोकाचं तरतं बुश स्वच्छ तेलावर जगतं, आणि ते गेलं तर सगळं क्रँक घेऊन जातं. बोअरच्या बाबतीत एक साधा हिशेब लक्षात ठेवावा. सिलिंडर साधारणपणे एका इंचाच्या २० सहस्रांशाने आणि मग ४० सहस्रांशाने मोठा करता येतो. त्यापुढे स्लीव्ह बसवण्याची पाळी येते. म्हणजे गरज नसताना मारलेला एक बोअर त्या सिलिंडरच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा वाटा खाऊन टाकतो. लेथवाल्याकडे आधी माप घ्यायला सांगा, काम नंतर. चेन्नईत गिंडी आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतींत, आणि महाराष्ट्रात कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असं मोजून काम करणारे कारागीर आहेत. क्रँक जोडणं, बोअर मारणं, क्रोम चढवणं ही कामं घरी करायचीच नसतात. उलगडणं, साफ करणं, कार्ब्युरेटर, पॉइंट, ब्रेक, केबल, वायरिंग आणि पुन्हा जोडणं, ही तुमची.

त्यासाठी पाने मात्र योग्य हवेत. या गाड्यांत इंग्रजी मापांचे आटे भेटतात, आणि मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. व्हिटवर्थ मापाचे जुने पाने पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी हुडकावेत. अडकलेल्या नटावर जोर करण्यापूर्वी गंज सोडवणारं तेल आणि एक रात्र द्या. ॲल्युमिनियमच्या कवचातला बोल्ट असेल तर कवच गरम करा. आटे गेलेच तर मोठ्या मापाचा टॅप मारू नका. त्या जागी तारेचा नवा आटा बसवून मूळ बोल्ट वापरता येतो.

रंग, क्रोम आणि खारी हवा

रंगकाम सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी करावं. ज्या टाकीवर मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक आहे ती सौम्य साबणाने धुऊन, कंपाउंड आणि मेण लावून बघा. मळाखालून जे वर येतं ते कोणत्याही नव्या रंगापेक्षा मोलाचं असतं. टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्यांच्या जागी स्टिकर लावणारे खूप आहेत, पण सिनेमांचे हाताने रंगवलेले फलक ज्या शहराने पिढ्यानपिढ्या पाहिले तिथे स्थिर हाताचा रंगारी शोधला तर सापडतो. फ्रेमला पावडर कोटिंग करण्याची फॅशन आहे, ते टाळा. तो जाड थर चासीचा क्रमांक बुजवतो, आट्यांत आणि बेअरिंगच्या जागांत शिरतो, आणि एकदा टवका उडाला की समुद्राची खारी हवा आतल्या आत गंज पसरवते, बाहेरून कळतही नाही. क्रोमचं तसंच. पुन्हा क्रोम करण्याआधी भाग घासून गुळगुळीत करतात, आणि त्यात कडा झिजतात, उमटवलेली अक्षरं पुसट होतात. बारीक गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलने पाणी लावून घासा; बरंचसं निघून जातं. घरी क्रोम करण्याचा विचारही करू नका. क्रोमियमचा कचरा जमिनीत आणि पाण्यात उतरला की काय होतं, हे चेन्नईहून शंभरेक किलोमीटरवरच्या राणीपेटने दाखवलं आहे.

कामाचं वेळापत्रक इथल्या हवेला धरून आखावं. महाराष्ट्रातला पावसाळा सरतो तेव्हा चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर रंगाचं काम काढू नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. पोंगलनंतरचे कोरडे महिने रंगासाठी, आणि पाऊस लागला की कार्ब्युरेटर, वायरिंग, अल्टरनेटर अशी घरात बसून करायची कामं. टाकीला भोक असेल तर ती वेल्डिंगला देण्याआधी कित्येकदा पाण्याने धुऊन वाफ पूर्ण घालवा, आणि जुन्या पेट्रोलच्या टाकीची सवय असलेल्या कारागिरालाच द्या. या कामात लोकांचे जीव गेले आहेत.

पेट्रोलचा प्रश्न आजच्या मालकाला नव्याने पडला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बुलेटचा आराखडा झाला तेव्हा त्याची कुणाला कल्पनाही नव्हती. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, जुनं रबर फुगवतं आणि टाकीच्या आतल्या लेपांना सैल करतं. यावर उपाय घाबरण्याचा नाही, शिस्तीचा आहे: नळी आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, आणि टाकी आतून गंजली नसेल तर तिला लेप देऊच नका. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मात्र लागत नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाला एक एवढं कमी आहे की साधं पेट्रोलही त्याला भरपूर होतं.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप पैशांचा येईल. नवा भाग दोन-तीनशेत मिळत असताना जुना दुरुस्त करण्यात दिवस का घालवायचा? मेकॅनिकच्या बाजूने हा हिशेब अगदी बरोबर आहे. त्याला दिवसाला चार गाड्या सोडायच्या असतात. वेळ हीच त्याची पुंजी, म्हणून तो बदलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. हौशी माणसाचं गणित वेगळं आहे. त्याला कौशल्य कमी असतं, हत्यारं कमी असतात, पण एक गोष्ट गॅरेजपेक्षा जास्त असते, ती म्हणजे वेळ. जे काम गॅरेजला परवडत नाही नेमकं तेच त्याला परवडतं. हौशी माणूस भरभर भाग बदलू लागला तर तो मेकॅनिकचंच काम करतो, आणि मेकॅनिकपेक्षा वाईट करतो. शिवाय स्वस्त भाग स्वस्त का आहे, हेही विचारलं पाहिजे. जुन्या भागाचं माप निदान पाच-सहा दशकांनी तपासलेलं असतं. नव्याचं तुम्हाला रस्त्यावर तपासावं लागतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यात तथ्य आहे. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा घेऊन आजच्या ईस्ट कोस्ट रोडवर रात्री जाणं धोक्याचं आहे, आणि उजव्या पायाखालचा गिअर, डाव्या पायाखालचा ब्रेक आजच्या माणसाच्या अंगवळणी नाही. यावर माझा निकष असा: जी सुधारणा एका दिवसात काढून गाडी पूर्ववत करता येते ती खुशाल करा. जास्त उजेडाचे दिवे, ठळक ब्रेक लाइट, आधुनिक लायनर, पॉइंटच्या डबीतच बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हे सगळं चालेल. काढलेले भाग तेल लावून, नाव लिहून पेटीत ठेवा. फ्रेम कापणं, नवे आधार वेल्ड करणं, गिअर दुसऱ्या बाजूला नेणं हे परत फिरवता येत नाही, म्हणून नको. गिअरची सवय मोकळ्या मैदानात चार-सहा सकाळी घालवून होते. गाडी बदलण्यापेक्षा पाय बदलणं सोपं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त वाटतो. बुलेट काही दुर्मीळ नाही. लाखो बनल्या, आजही बनतात. मग एका साध्या गाडीचं इतकं सोवळं कशाला? पण भरपूर बनल्या म्हणूनच त्यांच्याशी कुणी जपून वागलं नाही. सैन्याच्या लिलावातून आलेल्या हिरव्या गाड्या काळ्या झाल्या, काळ्या गाड्यांच्या टाक्या क्रोमच्या झाल्या, हँडलं उंचावली, सायलेन्सर बदलले. मोजक्या बनलेल्या विलायती गाड्यांना सुरुवातीपासून राखणदार मिळाले. सामान्य बुलेटला मिळाला नाही. आज १९६० च्या दशकातली, फेरफार न झालेली, मद्रासची साधी बुलेट शोधायला निघा म्हणजे तिचं दुर्भिक्ष कळेल. ज्यांना खरोखर आपल्या मनासारखी, नव्या ढंगाची गाडी बनवायची आहे त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आधीच चार गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली एखादी बुलेट घ्यावी. अशा गाड्यांना तोटा नाही, आणि त्यांच्यात गमावण्यासारखं काही उरलेलंही नसतं.

गाडी दिसेल जुनीच, ही तक्रार घरच्यांकडून येईल. तिला उत्तर एवढंच की जुनी आणि गलिच्छ यांत फरक आहे. स्वच्छ, घट्ट, तेल न गळणारी, पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होणारी, आणि तरीही ज्या हातांनी ती वापरली त्यांच्या खुणा बाळगणारी गाडी कुणाला गलिच्छ वाटत नाही. जोडणी झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर इंजिनावर ओझं न टाकता चालवा, तेल लवकर बदला, प्रत्येक नट पुन्हा घट्ट करा, आणि चेन्नईची खारी हवा खाऊन आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. मग वही उघडा. ‘बदललं’ या रकान्यात टायर, ब्रेक, केबल आणि वायरिंग यांच्यापलीकडे फारसं काही नसेल, तर काम चांगलं झालं आहे. तो रकाना भरून वाहत असेल, तर निदान काढलेले भाग भंगारात देऊ नका. वही आणि भागांची पेटी गाडीबरोबर राहू द्या. पुढच्या मालकाने तुमचं काम उलटवायचं ठरवलं तर त्याला ते करता आलं पाहिजे.